मराठी शेती-लेखांसाठी कीवर्डची फुकट अवजारं: कोणतं कामाचं, कोणाचा दिवा नुसताच हिरवा

वरूड-मोर्शीचा संत्रा, यवतमाळ-अकोल्याची कपाशी, भंडारा-गोंदियाचा धान यांवर मराठीत लिहिणाऱ्या छोट्या पोर्टलांसाठी हे परीक्षण आहे. तालुक्याच्या गावी एक-दोघं मिळून वर्डप्रेसवर पोर्टल चालवतात, कृषी केंद्रवाला दुकानाच्या नावानं पान काढतो, एखादं साप्ताहिक छापील मजकूरच इंटरनेटवर टाकतं. या सगळ्यांना 'कीवर्ड टाका', म्हणजे लोक गुगलवर शोधतात ते शब्द लेखात घाला, असं कोणी ना कोणी सांगितलेलं असतं. कोणते, किती आणि कुठे, हे मात्र सांगितलेलं नसतं. मग अवजारं विचारावी लागतात. योस्ट एसईओ या प्लगिनची (वर्डप्रेसला जोडायचं, कीवर्ड तपासून हिरवा-लाल दिवा दाखवणारं अवजार) फुकट आवृत्ती, गुगल कीवर्ड प्लॅनर, गुगल ट्रेंड्स, गुगलच्या शोधपेटीत खाली उघडणाऱ्या सूचना आणि सर्च कन्सोल (आपलं पोर्टल गुगलवर कोणत्या शोधांत दिसलं ते दाखवणारं गुगलचं अवजार) अशी पाच अवजारं इथे घेतली आहेत.

घाईत असाल तर निकाल आधीच देतो. सर्च कन्सोलशिवाय भागणार नाही. सूचना प्रत्येक लेखाआधी पाहाव्यात. ट्रेंड्स हंगाम ओळखण्यापुरतं चांगलं आहे. प्लॅनर कधीमधी उघडला तरी चालतो. योस्ट ठेवावं, पण त्याच्या दिव्याचा रंग बघून वाक्यं बदलू नयेत.

योस्ट: प्लगिन चांगलं, मराठीचा अंदाज कच्चा

योस्टमध्ये प्रत्येक लेखाखाली 'फोकस कीफ्रेज' (लेखाचा मुख्य कीवर्ड) नावाची चौकट असते. तिथे शब्द टाकला की प्लगिन तो शब्द शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात, उपशीर्षकांत, पानाच्या पत्त्यात (यूआरएल) आणि मजकुरात शोधतं. सापडला तर हिरवा दिवा, नाही तर नारिंगी किंवा लाल. इंग्रजीसाठी ही रचना बऱ्यापैकी चालते. मराठीत ती पहिल्याच वाक्यात अडखळते.

समजा कीफ्रेज आहे 'कापूस फवारणी' आणि लेखातलं वाक्य आहे, 'पात्या लागताना कापसावर दुसरी फवारणी करावी.' वाचणाऱ्याला यात काहीच अडत नाही. प्लगिनला मात्र या वाक्यात 'कापूस' दिसतच नाही, कारण तिथे 'कापसावर' आहे. आपल्याकडे विभक्ती शब्दाला चिकटते आणि चिकटताना शब्दाचं रूपही बदलते: तूर-तुरीवर, संत्रा-संत्र्याची, हरभरा-हरभऱ्यात, पाऊस-पावसानं. शब्दाची बदललेली रूपं ओळखायची सोय योस्टनं मोजक्या भाषांसाठी केली आहे आणि त्यांत मराठी नाही. त्यामुळे धड मराठी लिहिली की दिवा लाल होतो.

मग लेखक दिव्याची मर्जी राखायला लागतो आणि असलं काहीतरी तयार होतं: 'कापूस फवारणी करताना कापूस फवारणी पंप स्वच्छ असावा. कापूस फवारणी सकाळी करावी. कापूस फवारणी औषधे पुढीलप्रमाणे.' दिवा हिरवा होतो आणि तिसऱ्या ओळीला शेतकरी मागे फिरतो.

घनतेचा सल्लाही असाच सांभाळून घ्यावा. कीफ्रेज मजकुराच्या साधारण अर्धा ते तीन टक्के असावी, असं योस्टचं माप आहे. ८०० शब्दांच्या लेखात ते ४ ते २४ वेळा येतं. चार वेळा ठीक. चोवीस वेळा आली तर लेख वाचवत नाही. गुगलनं घनतेचा कोणताही आदर्श आकडा दिलेला नाही. उलट शब्द कोंबणं त्यांच्या स्पॅमविरोधी धोरणात नाव घेऊन नोंदलेलं आहे. एक जुना गैरसमजही इथेच निकालात काढू: पानाच्या कोडमधल्या 'मेटा कीवर्ड' ओळीचा क्रमवारीसाठी उपयोग करत नाही, हे गुगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं. ती ओळ भरून देण्याचे आजही कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

लाल दिव्यावर थोडा उतारा आहे. कीफ्रेज निवडताना वाक्यात सरळ रूपात येऊ शकेल अशी जोडी घ्या. 'गुलाबी बोंडअळी', 'येलो मोझॅक', 'संत्रा फळगळ' हे शब्द 'गुलाबी बोंडअळी दिसली की' किंवा 'संत्रा फळगळ थांबवण्यासाठी' असे न मोडता बसतात. 'कापसावरील रसशोषक किडींचे नियंत्रण' अशी लांब कीफ्रेज दिली तर त्या चार शब्दांची तीच रूपं लेखात पुन्हा एकत्र येण्याची शक्यता फार कमी. आणि एवढं करूनही दिवा नारिंगीच राहिला, तर तसाच राहू द्या. तो दिवा फक्त संपादकाच्या पडद्यावर असतो, गुगलला तो दिसत नाही.

तरीही प्लगिन ठेवा असं म्हणतो, ते बाकीच्या कामांसाठी. लेखाचं ठळक शीर्षक आणि गुगलमध्ये दिसणारं शीर्षक वेगळं ठेवता येतं. शोधनिकालात दिसणारं दोन ओळींचं वर्णन लिहायला जागा मिळते. त्याचं माप साधारण १५६ अक्षरांचं आहे. गुगल बरेचदा ते बाजूला सारून मजकुरातलंच वाक्य उचलतं, हेही ध्यानात असू द्या. साइटमॅप (पोर्टलच्या पानांची गुगलसाठीची यादी) आपोआप तयार होतो, तो पुढे सर्च कन्सोलला द्यायचा असतो. आणि टॅगची पानं शोधातून बाहेर ठेवायचं बटण इथेच मिळतं. हे बटण फार उपयोगाचं आहे. आपल्याकडच्या पोर्टलांवर एका बातमीला 'कापूस, कापूस भाव, कापूस बाजारभाव, आजचे कापूस भाव' असे पंधरा-वीस टॅग सर्रास लावतात. वर्डप्रेस प्रत्येक टॅगचं एक पान तयार करतं. त्यावर तीच एक बातमी. अशी शेकडो रिकामी पानं गुगलपुढे मांडण्यापेक्षा टॅग दोन-तीनच ठेवावेत आणि त्यांची पानं 'नोइंडेक्स' करावीत.

पत्त्याची गोष्ट वर्डप्रेसची आहे, पण योस्टच्या चौकटीतच दिसते म्हणून इथे घेतो. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस पत्ताही मराठीतच बनवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वारसुद्धा, पत्त्यात नऊ खुणांचं होऊन बसतं आणि पत्त्याच्या या भागाची मर्यादा आहे २०० खुणांची. म्हणजे बावीस चिन्हांत पत्ता संपला. 'सोयाबीन बियाणे उगवण क्षमता कशी तपासावी' यातला पत्ता 'उगवण'च्या आसपासच तुटतो. व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ दिसते. त्यापेक्षा लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हातानं, रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत लिहावा. शेतकरी बरेचदा 'कापूस भाव' हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतो, तोही शब्द पत्त्यात आपसूक येतो. त्यासाठी मजकुरात रोमन शब्दांची पेरणी करायची गरज नाही. आधीच प्रसिद्ध झालेल्या लेखांचे पत्ते मात्र उगाच बदलत बसू नका.

आणखी एक बारीक खोड. 'हरभऱ्या'तला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतात, काही साध्या 'र'नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळ्या चिन्हांची माळ. 'ॲसिफेट'मधल्या ॲचंही तसंच: एकसंध ॲ वेगळा आणि अ वर चंद्र ठेवलेला वेगळा. एकाच पोर्टलवर दोघं लिहीत असतील तर दोघांनी एकच कीबोर्ड ठरवावा, नाही तर मोजणीत आणि पोर्टलच्या आतल्या शोधात फरक पडू शकतो. साप्ताहिकवाल्यांचा घोळ याहून मोठा. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर तसाच चिकटवला तर तो गुगलसाठी मराठी नसतोच. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदललेल्या मजकुरात रफार, ऱ्य आणि ॲ हे तीन हटकून डोळ्याखालून घाला. मोडतात ते तिथेच.

प्रीमियम आवृत्ती घ्यावी का? मराठी पोर्टलला गरज नाही. तिचं मोठं आकर्षण म्हणजे शब्दरूपं ओळखणं आणि जोडीच्या कीफ्रेज. पहिलं मराठीत चालत नाही आणि दुसऱ्यात तोच दिव्याचा खेळ वाढतो. पुनर्निर्देशनाची, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर नेण्याची सोय चांगली आहे, पण त्यासाठी वेगळी फुकट प्लगिन्स मिळतात.

शब्द नेमका कुठे ठेवायचा

अवजारांच्या मधे एक उदाहरण घेतो, म्हणजे पुढचं परीक्षण कशावर तोलतो आहे ते कळेल. विषय: घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण क्षमता.

शीर्षक: 'सोयाबीन बियाणे उगवण क्षमता घरी कशी तपासावी'. मुख्य शब्द सुरुवातीला, प्रश्न शेवटी. पहिल्याच परिच्छेदात उत्तराचा गाभा: १०० दाणे ओल्या पोत्याच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवायची आणि सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त निघाले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. बहुतेक पोर्टलांवर इथे 'सोयाबीन हे विदर्भातील महत्त्वाचे पीक आहे' अशी प्रस्तावना असते. ती वाशीमच्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही आणि गुगललाही नाही.

पुढे उपशीर्षकं दोन-तीन. 'उगवण ७० टक्क्यांपेक्षा कमी आली तर' यात प्रत्येक टक्क्यामागे साधारण अर्धा किलो बियाणं वाढवण्याचा हिशोब. 'पेरणी किती पावसावर' यात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय घाई नको, हे. इथे 'बियाणे', 'बी', 'दाणे', 'कोंब', 'उगवण', 'उगवणशक्ती' हे सगळे शब्द आपसूक येतात. मुख्य शब्दजोडी शीर्षकात एकदा, सुरुवातीला एकदा, एखाद्या उपशीर्षकात एकदा आणि फोटोच्या वर्णनात जमलं तर एकदा. बाकी लेख बोलतो तसा लिहावा. फोटोचं वर्णन म्हणजे फोटोत जे दिसतं तेच, 'ओल्या पोत्यावर मांडलेले सोयाबीनचे दाणे'. फाइलचं नाव मोबाइलनं दिलेल्या आकड्यांचं ठेवू नये. एवढ्यात काम होतं.

प्लॅनर आणि ट्रेंड्स

कीवर्ड प्लॅनर हे जाहिरातदारांसाठीचं अवजार. लेखक ते उसनं वापरतात. त्यासाठी गुगल ॲड्सचं खातं लागतं, बिलाची माहिती आणि एक मोहीम तयार करावी लागते. पैसे घालवायचे नसतील तर मोहीम तयार होताच थांबवून ठेवा, नाही तर कार्डावर जाहिरातीचा खर्च चालू होतो. आत गेल्यावर ठिकाण महाराष्ट्र आणि भाषा मराठी निवडा. आधीपासून संपूर्ण भारत निवडलेला राहिला तर 'धान'सारख्या शब्दाला छत्तीसगडपासूनचे सगळे शोध येऊन मिळतात.

जाहिरातीवर खर्च नसेल तर आकडा नेमका मिळत नाही. १० ते १००, १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार असे ढोबळ पट्टे दिसतात. १२० आणि ९०० एकाच पट्ट्यात. त्यामुळे दोन शब्दांत बारीक तुलना करायला प्लॅनर कुचकामी आहे. कोणता शब्द शेकड्यात आणि कोणता हजारात एवढंच कळतं. सगळ्यात जास्त फसवणारा रकाना 'स्पर्धा' हा. तिथे 'कमी' लिहिलेलं पाहून 'या विषयावर कोणी लिहिलेलं नाही' असा अर्थ काढतात. तो आकडा जाहिरातदारांच्या चढाओढीचा आहे. संत्र्यावरच्या 'डिंक्या रोग' या शब्दावर कोणी जाहिरात देत नसेल तर स्पर्धा कमीच दिसणार, मग त्यावर लेख कितीही असोत.

आणि पट्टा लहान आला म्हणून विषय सोडू नये. एखाद्या तालुक्याच्या पोर्टलला महिन्याला दीडशे नेमके वाचक, तेही फवारणीच्या आठवड्यात, हे 'शेती' या एका शब्दामागे पळण्यापेक्षा बरं.

ट्रेंड्समध्ये खातं लागत नाही. पाच शब्दांपर्यंत तुलना होते, २००४ पासूनचा काळ पाहता येतो. आलेखातला १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळात त्या शब्दानं गाठलेली सगळ्यात वरची पातळी म्हणजे १००, बाकी सगळं तिच्या प्रमाणात. शब्द जसा टाइप कराल तसाच धरला जातो. 'कापूस' टाकलं तर 'कपाशी' त्यात येत नाही. दोन्ही एकत्र हवे असतील तर मधे अधिकचं चिन्ह द्या. नेमक्या रोगाचं किंवा औषधाचं नाव टाकलं तर 'पुरेसा डेटा नाही' असं बरेचदा येतं. तिथे हट्ट न धरता वरच्या पातळीचा शब्द घ्यावा, 'डिंक्या'ऐवजी 'संत्रा'.

ट्रेंड्सचा खरा उपयोग तारखेसाठी. पाच वर्षांचा आलेख काढा, ठिकाण महाराष्ट्र, आणि रेषा दर वर्षी कोणत्या आठवड्यात वर चढायला लागते ते पाहा. लेख त्याच्या चार ते सहा आठवडे आधी गेला पाहिजे, कारण नव्या लेखाला गुगलमध्ये बस्तान बसवायला वेळ लागतो. संत्र्याच्या अंबिया बहाराची फळगळ एप्रिल-मेच्या उन्हात एकदा आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या ओलीत पुन्हा होते. पावसाळी फळगळीचा लेख सप्टेंबरात टाकणारा पोर्टलवाला फळं पडून गेल्यावर पोचतो. तो लेख जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात हवा. उगवण क्षमतेचा लेख एप्रिलअखेर. आणि तोच लेख पुढच्या वर्षी त्याच पत्त्यावर सुधारायचा. दर वर्षी नवा लेख काढून स्वतःचीच स्पर्धा स्वतःशी लावायची नाही.

शोधपेटीतल्या सूचना

हे अवजार नव्हेच, पण पाचांत सगळ्यात लवकर उत्तर देणारं. मोबाइलवर खाजगी खिडकी उघडा, गुगलची भाषा मराठी ठेवा, 'संत्रा फळगळ' लिहून एक जागा सोडा आणि थांबा. खाली जे उघडतं ते लोकांनी खरोखर विचारलेलं. मग जागेनंतर क, ख, ग असं एकेक अक्षर देऊन पाहा. खाजगी खिडकी यासाठी की आपल्याच जुन्या शोधांची भेसळ त्यात होऊ नये. निकालाच्या पानावर खाली दिसणारे संबंधित शोध आणि मधले 'लोक हेही विचारतात' हे प्रश्न उपशीर्षकांसाठी तयार माल आहेत. दोष इतकाच की संख्या कळत नाही आणि ठिकाणाप्रमाणे यादी बदलते. नागपुरात बसून दिसलेली यादी अहेरीला दिसेलच असं नाही.

इथे एक गोष्ट उघड होते आणि बाहेरचे लेखक ती चुकवतात. भाव आणि खरेदीबद्दल विचारताना लोक 'कापूस' म्हणतात, उभ्या पिकाबद्दल बरेचदा 'कपाशी', आणि आपसात बोलताना 'पऱ्हाटी'. त्यामुळे 'कपाशीचे आजचे भाव' हे शीर्षक ऐकायलाच विचित्र. पूर्व विदर्भात 'धान' असतं. 'भात खरेदी केंद्र' असं लिहिणारा पश्चिम महाराष्ट्रातला आहे हे भंडाऱ्याच्या वाचकाला लगेच कळतं. बाजारात 'चना' आणि शेतकी सल्ल्यात 'हरभरा', दोन्ही चालतात. 'अंबिया' आणि 'आंबिया' दोन्ही लिहिले जातात. यातल्या प्रत्येक शब्दाचा वेगळा लेख काढू नये. लोक ज्या कामासाठी शोधतात त्या कामाचा शब्द शीर्षकात, दुसरा शब्द मजकुरात एकदा-दोनदा सहज. गुगलला समानार्थी शब्द पुष्कळ कळतात. मराठीत तो चुकतोही, पण म्हणून सहा शब्दांची माळ शीर्षकात ओवायची गरज नाही.

बोलून शोधणाऱ्यांचाही विचार हवा. गुगलचं मराठी बोलून टाइप करणं २०१७ पासून आहे आणि बांधावर हात मातीचे असताना माइकच सोयीचा. बोललेला शोध पूर्ण वाक्याचा असतो: 'आज कापसाले काय भाव हाय'. लेखात वऱ्हाडी लिहायची गरज नाही. प्रश्नाच्या रूपातलं एक उपशीर्षक आणि त्याखाली लगेच सरळ उत्तर एवढं ठेवलं तरी असा शोध झेलला जातो.

सर्च कन्सोल: इथे वेळ घाला

प्लॅनर, ट्रेंड्स आणि सूचना ही तिन्ही अवजारं दुसऱ्यांचे शोध दाखवतात. सर्च कन्सोल आपल्याच पोर्टलवर लोक कोणते शब्द टाकून आले, किंवा निकालात पाहूनही आले नाहीत, ते दाखवतं. मराठीसाठी याहून खरा माल कुठेच नाही, कारण इथे अंदाज नाही, झालेले शोध आहेत. फुकट आहे. मालकी सिद्ध करायला गुगल एक ओळ देतं, ती योस्टच्या सेटिंगमध्ये ठरलेल्या चौकटीत चिकटवली की झालं. मग साइटमॅप द्या. आकडे जोडणीनंतरचे साठू लागतात, म्हणून पोर्टल सुरू केल्याच्या दिवशीच जोडा. माहिती १६ महिन्यांची राहते. म्हणजे मागच्या खरिपाशी या खरिपाची तुलना करता येते, त्यामागची नाही. हंगाम संपला की तक्ता उतरवून ठेवलेला बरा.

परफॉर्मन्स अहवालात चार आकडे असतात: क्लिक, दिसण्याची संख्या, दिसणाऱ्यांपैकी किती टक्के आले, आणि सरासरी क्रमांक. चारही चालू करा. तीन महिने निवडा. आधी एकच पान निवडा आणि मग 'क्वेरी', म्हणजे लोकांनी टाकलेले शोध, पाहा. हा क्रम महत्त्वाचा. सगळ्या पोर्टलचे शब्द एकदम पाहिले तर काहीच हाती लागत नाही.

समजा पान आहे गुलाबी बोंडअळीचं. यादीत 'डोमकळी म्हणजे काय' आणि 'कामगंध सापळे एकरी किती' हे शोध दिसतात, क्रमांक ८ ते २० मधला, दिसण्याची संख्या बरी, क्लिक जवळपास शून्य. लेख उघडून पाहिला तर डोमकळीचा उल्लेख एका कंसात आणि सापळ्यांची संख्या कुठेच नाही. इथे कीवर्ड टाकायचा नाही, उत्तर टाकायचं. 'डोमकळी कशी ओळखावी' असं उपशीर्षक देऊन साठ-सत्तर शब्द: अळीनं आतून पाकळ्या जोडलेलं, न उमलणारं, गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल, ते तोडून अळीसह नष्ट करायचं. दुसऱ्या उपशीर्षकाखाली: पाहणीसाठी एकरी २ सापळे, आणि सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं धरायचं. ज्या शब्दांसाठी लेख आधीच अर्ध्या वाटेवर आहे त्यांना वर आणणं नवा लेख काढण्यापेक्षा सोपं असतं. बदल केल्यावर 'यूआरएल तपासणी'मधून पुन्हा नोंदीची विनंती करा आणि तीन-चार आठवडे हात लावू नका. रोज शीर्षक बदललं तर कशाचा परिणाम कशावर झाला ते कधीच कळत नाही. पक्के आकडेही दोन-तीन दिवस उशिरानं येतात.

क्रमांक ३-४ आणि तरी क्लिक कमी, असं दिसलं तर मजकूर ठीक आहे, शीर्षक किंवा वर्णन फसलं आहे. 'शेतकऱ्यांसाठी मोठी बातमी' असली शीर्षकं इथे उघडी पडतात. पीक, अडचण आणि तालुका किंवा हंगाम असं सरळ लिहिलेलं शीर्षक बहुधा चालतं.

योस्टला मराठीची विभक्ती कळत नाही, सर्च कन्सोलमध्ये त्यावर चांगली युक्ती आहे. क्वेरीच्या गाळणीत 'रेजेक्स' (शब्दाच्या तुकड्यावरून शोधायची सोय) निवडा आणि शब्दाचा न बदलणारा भाग द्या. 'संत्र' दिलं की संत्रा, संत्री, संत्र्याची सगळे येतात. 'कापूस|कापसा|कपाशी|पऱ्हाटी' अशी उभ्या रेघेनं तोडलेली यादी दिली की एका पिकाचे सगळे शोध एकत्र दिसतात. हरभऱ्यासाठी फक्त 'हरभ' द्या, म्हणजे वरचा ऱ्यचा घोळही टळतो.

उणिवा आहेतच. पडद्यावर फक्त १ हजार ओळी दिसतात, पण तालुक्याच्या पोर्टलला त्या पुरतात. फार थोड्या लोकांनी केलेले शोध खाजगीपणासाठी लपवले जातात, म्हणून शब्दांपुढच्या क्लिकची बेरीज एकूण क्लिकशी जुळत नाही. छोट्या मराठी पोर्टलला हा फरक चांगलाच जाणवतो. त्यात बिघाड काही नाही. जिल्हावार गाळणी नाही, देशापर्यंतच जाता येतं. अमरावतीतून किती आणि पुण्यातून किती, हे इथे कळणार नाही.

गावांच्या याद्या आणि पॅकेजवाले

'कापूस भाव अकोट, कापूस भाव दर्यापूर, कापूस भाव मूर्तिजापूर, कापूस भाव कारंजा' अशी पानाच्या तळाशी गावांची यादी लावण्याची रीत आपल्याकडे पसरली आहे. ज्या गावांसाठी पान वर आणायचं त्यांची यादी लावणं हे गुगलनं शब्द कोंबण्याचं उदाहरण म्हणूनच दिलेलं आहे. त्याहून वाईट म्हणजे एकच मजकूर घेऊन तालुक्याचं नाव बदलत वीस पानं काढणं. त्यालाही धोरणात वेगळं नाव आणि वेगळी मनाई आहे. हिंगणघाट आणि वणी यांची वेगळी पानं तेव्हाच काढा, जेव्हा त्या बाजार समितीची आवक, किमान-कमाल दर आणि तारीख असा वेगळा मजकूर रोज भरणार असाल. नाही तर एकाच पानावर एक तक्ता आणि वर तारीख.

कीवर्डचं पॅकेज विकणारे जिल्ह्याच्या ठिकाणी आता बरेच झाले आहेत. 'पन्नास कीवर्ड पहिल्या पानावर' असं सांगतात. घ्यायचंच असेल तर आधी ती पन्नास शब्दांची यादी लेखी मागा. त्यात पोर्टलचं स्वतःचं नाव आणि त्याचेच दहा प्रकार असतील तर उठून या, स्वतःच्या नावानं पोर्टल वर येतंच. परदेशी मोठ्या अवजारांचा अहवाल दाखवला आणि मराठी शब्दांपुढे शून्य किंवा दहा-वीस दिसले तर त्याचा अर्थ शोध नाहीत असा होत नाही. कमी शोधल्या जाणाऱ्या भाषांचा माल त्या अवजारांकडे तोकडा असतो. आणि सर्च कन्सोलची मालकी आपल्या खात्यावर ठेवा, त्यांना फक्त वापरकर्ता म्हणून जोडा. खातं त्यांच्या नावावर राहिलं तर करार संपल्यावर मालकी पुन्हा नव्यानं सिद्ध करत बसावं लागतं.